मागचा ॲक्सल, पहिलं बाळंतपण

वरची वाडी, भंडारदरा
८ मार्च १९७१

श्रीमंतराव व्याही यांस वाडीवरून पुंजारामचा रामराम.

तुमचं कार्ड मिळालं. आमच्या विजयमालाला दिवस गेल्याचं वाचलं आणि मी तसाच ओट्यावर बसून राहिलो. दगडाबाईने माझ्या हातून कार्ड घेतलं. तिला वाचता येत नाही, तरी लेकीची बातमी म्हणून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं. एवढं मात्र सांगतो, असली बातमी कोणी उघड्या कार्डावर लिहीत नाही. पोस्टमन वाटेत सगळ्यांना सांगत आला. लेकीच्या बापाच्या आधी गिरणीवाल्याला कळलं. पुढच्या वेळी पाकीट वापरा.

आता कामाचं. तुमच्या ओळखीने भिंगारच्या लिलावात घेतलेली आपली जीप बसली. परवा भाताची पोती भरून उतारावरून येताना मागचा ॲक्सल गेला. आतला शाफ्ट तुटला आणि त्यावरचं लोखंडी कवच, हाऊसिंगही वाकलं. मी उभं आयुष्य धरणावर ड्रायव्हरकी केली, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. तसाच दुसरा ॲक्सल कुठे मिळत नाही, संगमनेरपर्यंत चौकशी झाली.

सातव्या महिन्यात पोरीला आणायचं आहे. खालच्या रस्त्यापासून वाडीपर्यंत एस.टी. येत नाही आणि अवघडल्या पोरीला मी बैलगाडीत बसवणार नाही. शिवाय वेळ आली तर राजूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात पाहिजे. पावसाळ्यात आमच्या चिखलात चारी चाकं ओढणारी जीपच चालते, दुसरं काही नाही. तुमचं गॅरेज आहे, लष्कराच्या मोडीत तुमचा हात आहे. पावसाआधी काहीतरी करा. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात बदल नाही.

विहीणबाईंना आणि जावई कानिफरावांना रामराम.

आपला,
पुंजाराम


भिंगार
१५ मार्च १९७१

व्याहीबुवा,

हे पाकीट आहे. गिरणीवाल्याला आता रात्री झोप लागायची नाही.

तुमचं काम निघालंय. गेल्या लिलावात घेतलेल्या मोडीत एका छोट्या लष्करी ट्रकचा ॲक्सल निघाला. असा दणकट, की तुमच्या पोत्यांवर तुम्ही स्वतः बसलात तरी वाकणार नाही. अडचण एकच, तो जीपपेक्षा चांगला वीतभर रुंद आहे. तसाच बसवला तर चाकं बाहेर येतील, पोराने बापाचा सदरा घातल्यासारखं दिसेल. म्हणून दोन्ही बाजूंच्या नळ्या कापायच्या, आतले शाफ्ट आखूड करून त्यांना टोकाला नवे दात पाडायचे आणि स्प्रिंगचे पाटे जिथे टेकतात त्या बैठका तुमच्या जीपच्या मापाने पुन्हा जोडायच्या. आमचे कानिफनाथ म्हणतात, एवढ्या खटपटीत नवी जीप होईल. मी म्हटलं, नवी जीप तुझ्या सासऱ्याला आवडायची नाही, तिला शिव्या देता येत नाहीत.

मला मापं हवीत. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंतचं, दोन पाट्यांमधलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ॲक्सलचा मधला गोळा, ज्यात दातेरी चक्रं असतात, तो कोणत्या बाजूला सरकलेला आहे ते. इंजिनाकडून येणारा शाफ्ट त्या गोळ्यालाच जोडायचा, म्हणून बाजू चुकून चालत नाही.

विजयमाला बरी आहे. तिला चिंचा लागतात, तिच्या सासूला चिंचा आणायला मी लागतो. छबूबाई काल म्हणाली, "हितं दवाखाना हाकेवर हाय, मग पोरीला डोंगरात कशापायी धाडायची?" रीत मलाही ठाऊक आहे. तुम्ही मनावर घेऊ नका.

तुमचा,
श्रीमंत


वरची वाडी
२४ मार्च १९७१

श्रीमंतराव,

मनावर घेऊ नका असं लिहिलंत म्हणजे घ्यावं लागलं. विहीणबाईंना सांगा, डोंगरातही माणसंच जन्मतात. विजयमाला याच घरात, याच खोलीत जन्मली. दगडाबाईने आळीव, डिंक, खारीक आतापासून डब्यात भरून ठेवलंय. जुनी लुगडी उसवून दुपट्यांची चवड लावलीय. नवी बाज विणून घेतली, तिच्यावर मला बसूसुद्धा देत नाही. आता या बाईला मी काय सांगू, की सासरच्यांना डोंगर पसंत नाही?

मापं सोबतच्या कागदावर आहेत. दुसऱ्या कोणावर भरवसा न ठेवता मी स्वतः गाडीखाली शिरून घेतली. पाठ सोलून निघाली. गोळा मधोमध नाही, डाव्या हाताला सरकलेला आहे. पुन्हा लिहितो, डाव्या. खाली पडल्या पडल्या हात लावून खात्री केली.

शाफ्टचे दात कोणाकडून पाडून घेणार? माणूस चांगला बघा.

आपला,
पुंजाराम


भिंगार
२२ एप्रिल १९७१

व्याहीबुवा,

ॲक्सल तयार झाला. उशीर झाला खरा, पण बाळंतपणासारखंच यातही घाई करता येत नाही.

नळ्या कापायच्या आधी चार वेळा मोजल्या, कारण तुकडा कमी पडला तर लोखंड वाढत नाही. मग आतून बाहीसारखी दुसरी नळी घालून जोड दिले, वाकडं जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना दोरी ताणून वेल्डिंग केलं. थोडं जोडायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा थोडं. लोखंड तापलं की रुसतं. शाफ्टचे दात आसाराम लेथवाल्याने पाडले. तो बोलत नाही, फक्त काम करतो, तुमच्या उलट.

गोळा डावीकडे, हे वाचून मला जरा नवल वाटलं. मी पाहिलेल्या जीपांचा उजवीकडे असतो. पण तुमच्या जीपमध्ये कोणकोणत्या गाड्यांची हाडं आहेत देव जाणे, आणि तुम्ही दोनदा लिहिलंत. तुमच्या शब्दावर डावीकडची बाजू आखूड केली आणि उजवीकडची लांब ठेवली.

कानिफनाथ कांद्याच्या ट्रकमधून संगमनेरपर्यंत घेऊन येतील, पुढे तुमच्या ओळखीच्या गाडीने. जावयाला जेवू घालून परत धाडा, ॲक्सल बसवायला ठेवून घेऊ नका, इथे कामं पडलीत. विजयमालाने आईसाठी झंपराचं कापड दिलंय, ते ॲक्सलच्या ग्रीसपासून लांब ठेवा.

तुमचा,
श्रीमंत


वरची वाडी
३ मे १९७१

श्रीमंतराव,

तुमचा ॲक्सल बसवला. जीप चालते. मागे चालते.

सविस्तर सांगतो. कानिफराव ॲक्सल ठेवून गेले. मी जुना काढला, नवा खाली सरकवला, तर गोळा भलत्याच बाजूला. इंजिनाचा शाफ्ट इकडे आणि तुमचा गोळा तिकडे. म्हणजे मी लिहिलं एक आणि तुम्ही केलं दुसरं. पुन्हा भिंगारला धाडायला वेळ कुठे? मी डोकं चालवलं. ॲक्सल पालथा केला, की गोळा आपोआप पाहिजे त्या बाजूला आला. बैठका वर गेल्या म्हणून खाली लाकडाचे ठोकळे घालून आवळलं. तेल ओतायचं भोक खाली गेलं, त्याला बूच मारलं.

सगळी वाडी बघायला जमली होती. दगडाबाईने नारळ फोडला. मी पहिला गियर टाकला आणि जीप मागे गेली, थेट गोठ्याच्या कुडातून आत. दुसरा टाकला तरी मागेच, जरा जोरात. रिव्हर्स टाकला तेव्हा कुठे पुढे निघाली. आता तिला मागे जायला तीन गियर आहेत आणि पुढे जायला एक. पुढची चाकं जोडून पाहिली, तर पुढची पुढे ओढतात आणि मागची मागे, गाडी जागेवर थरथरते. गिरणीवाला म्हणाला, "पुंजाभाऊ, आता घरी येताना धरणावर पोचाल."

पण रिव्हर्सच्या गियरला ताकद असते. हळूहळू का होईना, चढ चढते. मी एकाच गियरने आणीन पोरीला. आणीन म्हणजे आणीन. तुम्हाला डावं-उजवं कळत नाही म्हणून माझ्या पोरीचं माहेर हुकणार नाही.

पुंजाराम


भिंगार
८ मे १९७१

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मी गॅरेजात मोठ्याने वाचलं. आसाराम लेथवालासुद्धा हसला, म्हणजे बघा.

मग मी विचार केला आणि स्वतःच गाडीखाली शिरलो. तुम्ही मागच्या बाजूने डोकं आत घालून उताणे झालात ना? मागून डोकं घालून उताणं पडलं की गाडीची उजवी बाजू माणसाच्या डाव्या हाताला येते. तुमचा हात बरोबर होता, तुम्ही उलटे होता. म्हणजे चूक तुमची. आणि नवल वाटूनही मी पुन्हा विचारलं नाही, ती माझी. पालथं घालण्याचं डोकं मात्र सर्वस्वी तुमचं. गोळ्यातलं मोठं चक्र पालथं पडलं की दुसऱ्या बाजूला जातं आणि चाकं उलटी फिरतात.

हसणं पुरे. आता जे लिहितो ते दगडाबाईंना वाचून दाखवा, बाकी कोणाला नाही.

छबूबाई डोंगराला नावं ठेवते असं तुम्हाला वाटलं. तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण माहेरीच झालं होतं, पाथर्डीकडे. बाळ अडलं. वाहन नव्हतं. बाजेवर घालून निघाले, अर्ध्या वाटेत सगळं संपलं. मुलगी होती. कानिफनाथ नंतरचा. ती हे कधी बोलत नाही. परवा रात्रभर जागी होती, मी विचारलं तर एवढंच म्हणाली, "रीत मोडा आसं मी कुनाला म्हननार न्हाई. पन माजा जीव लागत न्हाई." मलाही भीती वाटते, व्याहीबुवा. विजयमालाने या घरात आल्यापासून मला मुलगी नसल्याचं विसरायला लावलंय. उलट्या चाकांच्या गाडीत मी तिला बसू देणार नाही. तुम्ही कितीही रागवा.

ॲक्सल काढून राजूरच्या वर्कशॉपात आणून ठेवा. मी सामान घेऊन येतो. दोन्ही नळ्या कापून डावीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे लावायची आहे. चिमटा धरायला तुम्ही लागाल.

श्रीमंत


वरची वाडी
१४ जून १९७१

श्रीमंतराव,

तुम्ही गेल्यावर घर सुनं वाटलं. राजूरला आपण दोघांनी जेवढं लोखंड कापलं त्याहून जास्त एकमेकांना बोललो, पण तुमच्या हाताचं काम पाहिलं आणि मी मनात म्हटलं, पोरगी चांगल्या घरी पडली. तोंडावर म्हणणार नव्हतो, म्हणून लिहितो.

ॲक्सल सरळ बसला. जीप पुढे जाते आणि चारी चाकं एकदिलाने ओढतात. चार दिवस पाऊस लागला तेव्हा मी मुद्दाम गाडी काढली. लवणातला चिखल, खालचा ओढा, घोड्याचा उतार, कुठे म्हणून अडली नाही. मी खुशीत घरी आलो आणि दगडाबाईला म्हटलं, झालं, आता उद्या भिंगारला निघतो पोरीला आणायला.

तर ही म्हणाली, "आदी मला न्या."

"कुठं?"

"राजूरला. पोरीला नेनार हाय तसंच. मागं गादी टाका, मी निजते."

मला वाटलं हिला हौस आली. मागे गादी टाकली, ही तिच्यावर आडवी झाली, पोटावर धान्याचं गाठोडं बांधून घेतलं आणि आम्ही निघालो. मी अगदी हलक्या हाताने चालवली. तुमचा ॲक्सल कुठे कुरकुरलासुद्धा नाही. राजूरला दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली आणि मागे पाहिलं, तर दगडाबाईने दोन्ही हातांनी कडी धरली होती आणि डोळ्यांतून पाणी. कपाळाला टेंगूळ, गाठोडं सुटून ज्वारी गाडीभर. मग म्हणाली, "गाडी लई झाक हाय. व्याह्यांनी काम नेटकं केलंय. पन धोंडं तर हुते तितंच हायेत. ह्या वाटंनं कळा देनारी बाई जिती पोचायची न्हाई. माजी पोर हितं येनार न्हाई."

मी म्हटलं, मग माहेर? तू बाज विणलीस, डिंक भरलास, त्याचं काय?

"माहेर म्हंजी काय ह्यो डोंगुर? मी हाय ना? गाडी झाक हाय तर मला घिऊन चला खाली."

श्रीमंतराव, तेव्हापासून मी विचार करतोय आणि मला हिच्या बोलण्यात खोट सापडत नाही. तरी तुमच्या घरात आम्ही राहणार नाही. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ते मी मोडणार नाही. तुमच्या गल्लीत एखादी खोली भाड्याने मिळते का बघा. तुमची नको, तुमच्या नात्यातल्या कोणाची नको. चूल आमची, भांडी आमची. खोली आमच्या नावावर, म्हणजे तेच माहेर. विहीणबाईंना विचारा, असं चालतं का. त्या नाही म्हणाल्या तर मला पुढचं काही सुचत नाही.

आपला,
पुंजाराम


भिंगार
१९ जून १९७१

व्याहीबुवा,

तुमचं पत्र छबूबाईला वाचून दाखवलं. ती तव्यावर भाकरी टाकून ऐकत होती. भाकरी करपली तरी हलली नाही. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आक्काबाईची खोली रिकामी हाय." आणि गेली सुद्धा. संध्याकाळी मी गॅरेजातून आलो तर आमच्या दारासमोरच्या खोलीत ही स्वतः जमीन सारवत बसलेली. मी म्हटलं, अगं, व्याही म्हणाले चूल त्यांची. ती म्हणाली, "चूल त्यांची आसू दे. शेन माजं हाय."

खोली आक्काबाईंची, आमची काही नात्यातली नाही. भाड्याचं तुम्हीच बोला. आमचं दार आणि तुमचं दार यात गल्लीएवढं अंतर. सगळं रीतीने करायचं असं ठरलंय. तुम्ही आलात की डोहाळजेवण, मग ओटी भरून, हातावर दही घालून सुनेला माहेरी धाडायची. कानिफनाथांना ताकीद दिलीय, बायको माहेरी गेल्यावर रोज सासुरवाडीला जाऊन बसायचं नाही, गल्ली ओलांडली तर लोक हसतील. ते म्हणतात, मग मी खिडकीतून पाहू का? मी म्हटलं, तेवढं चालेल.

विजयमालाला सांगितलं तेव्हा तिने चिंचेची वाटी बाजूला ठेवली आणि दारात जाऊन त्या बंद खोलीकडे बघत उभी राहिली. मग मला म्हणाली, "मामंजी, आई खरंच येणार? ती तर संगमनेरलाही कधी गेली नाही."

या लवकर. बाज आणा, आळीव आणा, जातं आणू नका, इथे पिठाची गिरणी आहे आणि तिचा मालक बातम्या सांगत नाही.

तुमचा,
श्रीमंत


भिंगार, आक्काबाईंची खोली
२२ ऑगस्ट १९७१

श्रीमंतराव व्याही यांस पुंजारामचा रामराम.

हे पत्र तुम्हाला गल्लीपलीकडे हातात मिळेल. मी स्वतःच घेऊन येतोय, सोबत साखरेचा पुडा आहे. तुम्ही म्हणाल, पुंजारामला वेड लागलं, परवा सगळी रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याच शेजारी बसला होता आणि आता मला पत्र लिहितो. हसा. पण लेकीचं बाळंतपण माहेरी झालं की माहेरच्यांनी सासरी पत्र आणि साखर धाडायची असते. ती रीत मी गल्ली अरुंद आहे म्हणून सोडणार नाही.

त्या रात्रीचं आता लिहितो. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की नाळ मानेभोवती आहे, चिमटे लावावे लागतील, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. मला त्या क्षणी आमचा डोंगर दिसला, आणि मी माझ्या हट्टाने पोरीला तिथे घेऊन गेलो असतो तर काय झालं असतं, तेही दिसलं. मला रडू आलं. तुम्ही पाहिलंत, पण कोणाला सांगितलं नाहीत, त्याचे उपकार मानतो.

आत काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, मला दगडाबाईने सांगितलं. बाळ बाहेर आलं तेव्हा रडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पाठ चोळली, पाय धरून उलटं केलं, पुष्कळ वेळाने एकदाचं रडलं. मग नर्सने बाळ दगडाबाईकडे दिलं, कारण ती विजयमालाची आई. दगडाबाईने स्वतःच्या मांडीवर न घेता विहीणबाईंच्या ओटीत घातलं. विहीणबाई म्हणाल्या, "आदी तुमचा मान." ही म्हणाली, "तुमी लई वरसं वाट बघितली." दोघी तिथेच जमिनीवर बसून रडल्या म्हणे, नर्स रागावेपर्यंत.

आता बारशाला सगळ्यांनी यायचं. आमची खोली लहान आहे, निम्मे लोक तुमच्या ओट्यावर बसतील, तेवढी जागा द्या. नाव आत्याने ठेवायचं, पण कानिफरावांना बहीण नाही. दगडाबाईचं म्हणणं, ते नाव विहीणबाईंनी ठेवावं, आणि पाथर्डीला ज्या मुलीला नाव मिळालं नाही तिच्यासाठी जे मनात योजलं होतं तेच ठेवावं. त्यांना जमेल का ते तुम्ही हळूच विचारा.

बाकी पत्राचं मुख्य कारण रीतसर लिहितो, म्हणजे कोणी बोट ठेवायला नको. आपली सून आणि आमची कन्या विजयमाला परवा पहाटे प्रसूत झाली, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी पार पडलं.

आपला,
पुंजाराम